मडक्याला चोळलेला कढीपत्ता

कढीपत्त्याचे शास्त्रीय नाव मुराया कोएनिगी. लिनियसने १७७१ साली त्याला बर्गेरा कोएनिगी म्हटले होते, आणि अलीकडे काही वनस्पतिशास्त्रज्ञ पुन्हा त्याच नावाकडे वळले आहेत. नावाचा पहिला भाग असा बदलत राहिला, पण दुसरा भाग कायम आहे. तो ज्या माणसाचा, तो योहान गेरहार्ड कोएनिग. १७२८ साली आजच्या लाटव्हियाच्या मुलखात जन्मलेला, स्वीडनमध्ये लिनियसच्या हाताखाली शिकलेला, आणि १७६८ साली तरंगंबाडीला वैद्य म्हणून आलेला. तरंगंबाडी हे तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यातले छोटेसे बंदर होते. १६२० साली तंजावरच्या नायक राजाकडून डॅनिश लोकांना ती जागा मिळाली. पुढे तंजावरची गादी भोसल्यांकडे आली आणि या बंदराच्या पाठीशी जमिनीच्या बाजूने मराठी राज्य उभे राहिले.

या कोएनिगने दक्षिणेत राहून वाळवीचा अभ्यास केला. त्यावर त्याने लिहिलेला लेख १७७९ साली बर्लिनच्या एका नियतकालिकात छापून आला. त्या लेखातल्या एका नोंदीने मला बरेच दिवस अस्वस्थ केले आहे. तिच्यातून जो प्रश्न उभा राहतो तो जुना आहे, पण सुटलेला नाही: एखाद्या ठिकाणी जे कळले, ते त्या ठिकाणच्या माणसांना परत सांगण्याचे आपल्यावर काही बंधन असते का?

आधी त्या नियतकालिकाविषयी. १७७३ साली बर्लिनमध्ये मार्टिनी नावाच्या वैद्याने 'निसर्गअभ्यासक मित्रांचे मंडळ' स्थापन केले. ते विद्यापीठ नव्हते आणि राजाची अकादमीही नव्हती. शिंपले, खनिजे, किडे, वाळवलेली पाने जमवण्याचा नाद असलेली माणसे एकत्र येत, आपापले नमुने एकमेकांना दाखवीत आणि काय पाहिले ते वाचून दाखवीत. त्यांच्या नियतकालिकाच्या नावाचा अर्थ लावायचा तर 'मित्रमंडळाचे व्यासंग' असा लावता येईल. त्याच सुमारास, १७७४ साली, हाले शहरातून 'नाटुरफोर्शर', म्हणजे 'निसर्गशोधक', हे दुसरे नियतकालिक सुरू झाले आणि तीस वर्षे चालले. विद्वानांची भाषा तोवर मुख्यतः लॅटिन होती. या मंडळींनी जर्मन भाषा घेतली. ज्याला लॅटिन येत नाही अशा शिकलेल्या माणसालाही किड्याचे पंख आणि माशाचे कल्ले यांच्याविषयी वाचता यावे, हा त्यामागचा भाव. पुढे १९०४ साली स्टुटगार्टहून निघालेल्या 'कॉसमॉस' मासिकापर्यंत आणि त्याच्याही पुढे ही परंपरा आली. आपल्याकडे १९२८ साली पुण्यात 'सृष्टिज्ञान' सुरू झाले, तेही याच जातीचे काम.

निसर्गाचे ज्ञान आपल्या माणसांच्या भाषेत आणणे हे नुसते सोपे करून सांगणे नव्हे. ती एक नैतिक कृती आहे. जाणून घेण्याचा हक्क कोणाला, याचे ते उत्तर असते. बर्लिनच्या त्या मित्रांनी हे उत्तर फार चांगले दिले होते, हे मी प्रथमच मान्य करतो, कारण पुढे जे म्हणायचे आहे ते त्यांना कमी लेखण्यासाठी नाही.

आता ती नोंद. कोएनिगचा मजकूर पुढे १७८१ साली लंडनच्या हेन्री स्मीथमनने आफ्रिकेतल्या वाळवीवर लिहिताना उद्धृत केला, आणि त्यामुळे तो बऱ्याच जणांपर्यंत पोचला. कोएनिग सांगतो ते असे. पंख फुटलेली वाळवी वारुळातून बाहेर पडण्याच्या आधीच इकडचे लोक तिला पकडतात. वारुळाला दोन भोके पाडायची, एक वाऱ्याकडच्या अंगाला आणि दुसरे त्याच्या उलट. उलट बाजूच्या भोकाला मडक्याचे तोंड लावायचे. मडके आतून कढीपत्त्याने चोळून घ्यायचे. वाऱ्याच्या बाजूला घाण वासाचे काहीबाही पेटवायचे. धूर आत शिरला की पाखरे दुसऱ्या बाजूने मडक्यात येतात. कधीकधी त्यांच्याबरोबर नागही येतो, म्हणून मडके काढताना जपावे लागते. अशी पुष्कळ पाखरे जमली की पिठात घालून त्यांचे खाद्यपदार्थ करतात, आणि ते गरिबांना स्वस्तात विकतात.

हे वाचताना मला आमच्या घरातली पहिल्या पावसाची संध्याकाळ आठवली. दिव्याभोवती पाखरे गोळा व्हायची, आई दिव्याखाली पाण्याची परात ठेवायची, आणि सकाळी परातीत पंखांचा थर साचलेला असायचा. आम्ही ती फेकून देत असू. तमिळ मुलखात या पाखरांना ईसल म्हणतात, आणि खेड्यांतून ती भाजून तांदळाबरोबर आजही खाल्ली जातात. म्हणजे कोएनिगने टिपलेली गोष्ट काही अजब कहाणी नव्हती. ते एक कौशल्य होते. वारा कुठून येतो ते पाहणे, पाखरे उडण्याआधीचा नेमका दिवस ओळखणे, मडक्याला कोणता पाला चोळायचा ते ठाऊक असणे आणि नागाचे भान ठेवणे, एवढे सगळे त्यात होते. हे कोणाला तरी येत होते. कोणीतरी ते कोएनिगला दाखवले, किंवा तो उभा राहून पाहत असताना आपले काम करत राहिले.

त्या माणसाचे किंवा बाईचे नाव स्मीथमनने दिलेल्या त्या नोंदीत नाही. मडक्याला जो पाला चोळला, त्याच्या नावात मात्र कोएनिग आहे.

'आयत्या बिळावर नागोबा' ही म्हण इथे जिभेवर येते. इतरांनी कष्टाने उभारलेल्या घरात नागोबा येऊन बसतो. युरोपातले अभ्यासक आले आणि इथल्या माणसांच्या जाणतेपणावर आपली नावे लावून गेले. हा निवाडा सोपा आहे, आणि म्हणूनच मला त्याचा भरवसा वाटत नाही. कारण कोएनिगच्या लिहिण्याने मडकेवाल्याचे काय गेले? वारूळ तिथेच राहिले, पाखरे दरवर्षी येत राहिली, विद्या त्याच्या हातातच राहिली. एका दिव्याने दुसरा दिवा लावला म्हणून पहिल्याचा उजेड कमी होत नाही. चोरी म्हणायची तर कोणाचे तरी कमी व्हायला हवे. इथे कोणाचे काही कमी झाले नाही. उलट कोएनिगने लिहिले नसते, तर अडीचशे वर्षांनी मला ते मडके दिसलेही नसते.

मग प्रश्न श्रेयाचा आहे का? नाव लिहिले असते तर भागले असते का? थोडेफार भागले असते. हालेहून १७१० पासून तरंगंबाडीच्या धर्मोपदेशकांचे वृत्तांत जर्मनमध्ये छापले जात होते. हे पूर्वेविषयी सांगणारे एक नियतकालिकच होते. त्यात १७१४ आणि १७१७ साली तमिळ माणसांनी प्रश्नांना उत्तरे म्हणून लिहिलेली ९९ पत्रे भाषांतर करून छापली गेली. चालीरीती, देवधर्म, इथले जगणे, अशा कितीतरी विषयांवर इथली माणसे त्यांत स्वतः बोलतात. पण बहुतेक पत्रे कोणी लिहिली हे वाचकाला कळत नाही. तिथे बोलणे आहे आणि नाव नाही, याची रुखरुख लागते. तरीही समजा, प्रत्येक पत्राखाली सही असती, वाळवीच्या लेखातही मडकेवाल्याचे नाव असते. त्या नावाचा त्या माणसाला काय उपयोग होता? बर्लिनमध्ये आपले नाव छापून आले हे त्याला कळण्याची वाटच नव्हती. ज्याला कळणारच नाही त्याला दिलेले श्रेय हे खरे तर वाचणाऱ्याच्या मनाचे समाधान असते.

मला वाटते, कमी पडले ते वेगळेच काही. स्मीथमनने एक बारीक टिप्पणी केली आहे: मडक्यात पकडल्या जाणाऱ्या या पंखवाल्या किड्यांना कोएनिग माद्या म्हणतो. प्रत्यक्षात पंख फुटून उडणाऱ्या वाळवीत नर आणि मादी दोन्ही असतात. उडून झाले की पंख गळतात, जोडी जमते, आणि त्या जोडीतून नवे वारूळ सुरू होते. म्हणजे कोएनिगचे तेवढे चुकले होते. ही चूक मडकेवाल्याने दुरुस्त केली असती का? सांगता येत नाही. कदाचित त्यालाही ते माहीत नसेल. पण तो काहीतरी बोलला असता, हे नक्की. 'नाही, असे नाही', 'आमच्याकडे तसे म्हणत नाहीत', 'हे त्या गावात करतात, इथे नाही', असे काहीतरी. ज्याच्याविषयी लिहिले त्याच्यासमोर ते लिहिणे कधी ठेवलेच गेले नाही. ते बर्लिनला गेले, तिथून लंडनला गेले, आणि त्यात दुरुस्ती झाली ती आफ्रिका पाहून आलेल्या इंग्रजाकडून.

म्हणून माझे म्हणणे असे आहे: ज्ञान देणाऱ्याचे आपल्यावर जे देणे असते, ते आभाराचे नसते आणि फक्त श्रेयाचेही नसते. ते दुरुस्तीच्या हक्काचे असते. तुझ्याकडून मी जे शिकलो ते मी असे सांगितले आहे. हे बरोबर आहे का, असे विचारता येण्याची वाट उघडी ठेवणे, हे ते देणे. त्याला समजेल अशा भाषेत ते ठेवले नाही, तर ही वाट बंद होते. ज्ञान त्याच्याविषयीचे होते, पण त्यात बोलण्याचा अधिकार त्याला उरत नाही. तो माहिती देणारा राहतो, जाणता राहत नाही.

यावर आपल्याच परंपरेतून एक आक्षेप येऊ शकतो, आणि तो वजनदार आहे. आपल्याकडे तीन ऋणे सांगितली आहेत, त्यांतले ऋषिऋण हे ज्ञानाचे. ते ऋषीला परत देऊन फिटत नाही, अध्ययनाने फिटते, आणि विद्या पुढे चालवून. ज्ञानाचे देणे मागे वळत नाही, पुढेच जाते. त्या न्यायाने कोएनिगने आपले ऋण फेडले. १७८५ साली तो वारला तेव्हा आपले कागदपत्र लंडनच्या जोसेफ बँक्सकडे जावेत अशी त्याची इच्छा होती, आणि पुढच्या वनस्पतिशास्त्रज्ञांना त्यांचा उपयोग झाला.

पण ऋषिऋणात एक गोष्ट गृहीत आहे. ऋषी आता भेटणार नाही. तो काळाच्या पलीकडे गेलेला आहे, म्हणूनच त्याचे देणे शिष्याला द्यायचे. मडकेवाला कोएनिगपासून चार पावलांवर उभा होता. जो समोर आहे त्याचे देणे तिसऱ्याला देऊन फिटले असे म्हणणे, ही पळवाट होते. जिवंत माणसाला ऋषी करून टाकणे हाही त्याला गप्प करण्याचा एक मार्ग आहे.

इथवर आल्यावर मराठी वाचकाला तंजावरच्या सरफोजी राजांची आठवण होणे साहजिक आहे. कोएनिगचा लेख छापला गेला तेव्हा ते दोन वर्षांचे होते. १७८७ साली तुळजाजींनी त्यांना दत्तक घेतले. श्वार्ट्झ या जर्मन धर्मोपदेशकाने, जो स्वतः हाले येथे शिकला होता, त्यांच्या शिक्षणाची काळजी घेतली. १७९८ मध्ये ते गादीवर आले, पण पुढच्याच वर्षी झालेल्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला. हातात उरले ते किल्ल्यातले तंजावर, आणि वेळ. तो वेळ त्यांनी पुस्तके जमवण्यात, धन्वंतरी महालात औषधांचे प्रयोग करवण्यात, डोळ्यांच्या रुग्णांच्या चित्रांसह नोंदी ठेवण्यात, पशुपक्ष्यांची आणि वनस्पतींची चित्रे काढून घेण्यात घालवला. देवनागरी खिळ्यांचा छापखाना घातला आणि त्यावर इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या. महाराष्ट्रात मराठी छपाईने अजून मूळही धरले नव्हते, तेव्हाची ही गोष्ट.

या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते त्यांचे 'देवेंद्र कुरवंजी' हे मराठी नाटक. कुरवंजी हा तमिळ नाट्यप्रकार. त्यात डोंगरातली भविष्य सांगणारी कुरवंजीण येते, विरहाने झुरणाऱ्या नायिकेचा हात पाहते आणि आपण हिंडलेल्या मुलखांची वर्णने गाऊन सांगते. सरफोजींनी त्या भटक्या बाईच्या तोंडी जगाचा नवा भूगोल घातला. युरोपातल्या पुस्तकांतून त्यांनी जे वाचले, ते इंद्राच्या घरी आलेली कुरवंजीण गाण्यांतून सांगते. लोकांच्या ओळखीच्या रूपात, ओळखीच्या चालींवर नवे विज्ञान सांगण्याचा मराठीतला हा फार लवकरचा प्रयत्न आहे.

कोएनिग आणि सरफोजी शेजारी ठेवून पाहिले की एक विलक्षण उलटापालट दिसते. कोएनिगने रानावनात वावरणाऱ्या माणसाचे ज्ञान घेतले आणि ते स्वतःच्या आवाजात सांगितले. सरफोजींनी स्वतःच्या पुस्तकांतले ज्ञान घेतले आणि ते रानावनात वावरणाऱ्या बाईच्या आवाजात सांगितले. पहिल्याने तिचे बोलणे घेतले आणि तिला वगळले. दुसऱ्याने तिला रंगभूमीवर आणले, पण तिच्या तोंडी आपले बोलणे घातले. खरी कुरवंजीण दोन्हीकडे मुकीच राहिली.

आणि ती मुकी राहण्याचे एक कारण आपल्या फार जवळचे आहे. तंजावरच्या दरबाराची एक भाषा मराठी होती. भोवतालच्या शेतांतली, वारुळांजवळची भाषा तमिळ होती. सरफोजींचे नाटक त्या मडकेवाल्याला कोएनिगच्या लेखापेक्षा फार कळले असते असे नाही. चाल ओळखीची वाटली असती, शब्द परके राहिले असते. नव्या खगोलाची आणि भूगोलाची गोष्ट तमिळ कुरवंजीत आणण्याचे काम सरफोजींच्या काळातल्याच वेदनायगम शास्त्री या तंजावरच्या ख्रिस्ती कवीने 'बेत्लेहेम कुरवंजी'त केले. एकाच नगरात, एकाच साच्यात, दोन भाषांत एकच नवे जग गाऊन सांगितले जात होते. आपण मराठी लोक सरफोजींचा अभिमान बाळगतो, तो रास्त आहे. पण तो बाळगताना दुसरे नाव बहुधा घेत नाही. सरफोजींनी करवून घेतलेली काही निसर्गचित्रे त्यांनी कंपनीचा अधिकारी बेंजामिन टोरिन याला दिली, आणि ती आज लंडनमध्ये आहेत. म्हणजे बाहेर जाणारी वाट त्यांच्याही दारावरून जात होती. हा दोष म्हणून सांगत नाही. इतकेच की, देणे कोणाचे हा प्रश्न आपला माणूस आला म्हणून सुटत नाही. तो फक्त दुसऱ्या दारापाशी जाऊन उभा राहतो.

मग हे देणे फिटणार कसे? सगळे काही सगळ्या भाषांत सांगा, असे म्हणणे सोपे आहे आणि अशक्य आहे. कोएनिगला तमिळमध्ये लेख लिहायला सांगणे हे आजच्या शहाणपणाने कालच्या माणसाला दटावणे होईल. पण दुरुस्तीची वाट उघडी ठेवण्याचे छोटे, करता येण्याजोगे मार्ग असतात. जिथे ऐकले ते गाव सांगणे. 'इथले लोक म्हणतात' याऐवजी 'मला एका माणसाने असे सांगितले' असे लिहिणे, म्हणजे दुसरा कोणी उठून 'मी तसे म्हणत नाही' असे म्हणू शकतो. त्या वस्तूला तिथे जे नाव आहे ते तसेच ठेवणे. करिवेप्पिलै म्हणजे कढीपत्ता आणि ईसल म्हणजे पंखवाली वाळवी, एवढे दोन शब्द लेखात असले, तरी त्या लेखाला परतीचा पत्ता मिळतो. ज्याची ती गोष्ट आहे त्याच्या कानावर तो शब्द पडला की तो थांबतो आणि विचारतो, आमच्याविषयी काय लिहिले आहे? त्या प्रश्नापासून देणे फिटायला सुरुवात होते.

हे लिहीत असताना मी स्वतः काय करतो आहे, हेही पाहायला हवे. दोन परक्या भाषांतून फिरून आलेली तमिळ मुलखातली एक गोष्ट मी मराठीत सांगतो आहे. मडकेवाल्याच्या वंशजाला ही मराठी वाचता येणार नाही. बर्लिनच्या मित्रमंडळाने जे केले तेच मीही केले आहे. त्यांना किड्यांचा नाद होता, मला नैतिक प्रश्नांचा आहे. माझ्याही लेखात चूक असेल, आणि ती दाखवू शकेल असा माणूस या पानापासून तितकाच लांब आहे.

फरक इतकाच की हे पान एकटे नाही. या अंकात शेजारी दुसऱ्या भाषांची पाने आहेत, आणि माझा हा अंक ज्याच्या घरी जाईल त्याच्याशेजारी तंजावरकडचे कोणी राहत असेल. पिढ्यान्‌पिढ्या तिकडे राहून घरात मराठी आणि दारात तमिळ बोलणारी कुटुंबे आजही आहेत. त्यांच्यापैकी कोणी हे वाचले, तर एक विनंती आहे. पावसाळ्यात गावी गेलात की एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारा: ईसल धरायच्या मडक्याला खरेच करिवेप्पिलै चोळत होते का? ते 'नाही' म्हणाले, तर ते 'नाही' लिहून कळवा.